घडीची करवत, हिवऱ्याची बाग आणि लाकूड तोडण्याचा हक्क

१/
पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरून शिवनेरी, हडसर, चावंड किंवा जीवधनाकडे निघणाऱ्या तरुणांच्या पाठपिशवीत अलीकडे एक नवे हत्यार दिसते : घडीची करवत. वीतभर लांबीचे पाते मुठीत मिटते, कळ दाबली की उघडते. रानात मुक्काम करणे, चूल पेटवणे, आडोसा उभारणे यासाठी ते सोबत घेतले जाते. या लहानशा हत्यारामागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे प्रकरण याच जुन्नर तालुक्यात घडले.

२/
आधी हत्यार समजून घ्यावे. कुऱ्हाड लाकूड फोडते, कोयता छाटतो, करवत मात्र लाकडाचा भुसा करीत वाट काढते. तिचे दात आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वळवलेले किंवा तासलेले असतात, त्यामुळे कापाची फट पात्याहून थोडी रुंद होते आणि पाते अडकत नाही. कुऱ्हाडीच्या घावात लाकडाचे ढलपे वाया जातात, करवतीत केवळ एक बारीक रेघ जाते. शिवाय घाव चुकून पायावर बसण्याचा धोकाही कमी. एकट्या वाटसरूला ती सोयीची वाटते ती यामुळेच.

३/
बहुतेक घडीच्या करवती ओढताना कापतात. प्राचीन इजिप्तच्या तांब्याच्या करवती अशाच ओढून चालवल्या जात, कारण मऊ धातूचे पाते ढकलले तर वाकते. जपानी सुतारांनी हीच रीत पोलादातही जपली. ओढताना पाते ताणात राहते, म्हणून ते पातळ ठेवता येते. युरोपातील सुतारी करवत मात्र ढकलताना कापते व तिला जाड पाते लागते. आज खिशात मावणारी करवत शक्य झाली आहे ती या जुन्या, ओढण्याच्या पद्धतीमुळे.

४/
नारायणगावच्या शेतकऱ्याला मात्र या करवतीचे नवल नाही. द्राक्षबागेत वर्षातून दोन छाटण्या होतात : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. कोवळ्या काडीला कात्री पुरते, जुन्या जाड खोडाला करवत लागते. येथे करवत झाड जगवण्यासाठी चालते. कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची, हे हात चालण्यापूर्वी डोळ्याने ठरवलेले असते. घडीच्या करवतीचा मूळ संस्कार हा असा बागेतला आहे.

५/
रानातील मुक्कामाचे शास्त्र मात्र वेगळ्या वाटेने आले. अमेरिकेत होरेस केफार्ट यांचे रानमुक्कामावरील प्रसिद्ध पुस्तक १९०६ साली निघाले. त्या काळातील अशा पुस्तकांत झाडाच्या हिरव्या फांद्या तोडून त्यांचे अंथरूण करणे ही सर्वमान्य रीत होती. रान अमर्याद आहे, असे तेव्हा गृहीत धरले जाई. पुढे माणसे वाढली, मुक्कामाच्या जागा उघड्या पडल्या, आणि रानात मागे खूण न ठेवता परतावे हा विचार रुजला. कसे कापावे याइतकेच काय कापावे हेही महत्त्वाचे ठरले.

६/
जुन्नर–आंबेगावच्या डोंगरांत हा दुसरा प्रश्न केफार्ट यांच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. त्याचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे देवराई. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराई अभ्यासकांना परिचित आहे. सह्याद्रीतील अनेक देवरायांत जिवंत झाड तोडणे दूरच, वाळून पडलेली फांदीही घरी नेत नसत. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांना ना कुंपण होते, ना पहारेकरी.

७/
दुसरे उत्तर राजनीतीचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम आहेत. त्यांचा आशय असा : सागवानादी लाकूड हुजुरच्या परवानगीने तोडावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे.

८/
हा मजकूर समाजमाध्यमांवर 'शिवाजी महाराजांचे पत्र' म्हणून फिरतो. तो तसा नाही. आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सुमारे ३५ वर्षांनी, कोल्हापूरच्या गादीसाठी सिद्ध झाले. परंतु अमात्य स्वतः शिवकाळात कारभारात वाढलेले, त्यामुळे त्यात त्या राज्यनीतीचे प्रतिबिंब आहे असे मानण्यास आधार आहे. महत्त्वाचे हे की, राज्याच्या निकडीपुढेही झाडाच्या धन्याची संमती येथे लेखी मान्य झालेली दिसते.

९/
पुढच्या शतकात ही मर्यादा सुटली. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली जात होती. १८१३ साली तेथे तयार झालेल्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला. १८१७ चे 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. ओंडक्यावर एक आणि खाली एक असे दोन कारागीर लांब करवत चालवून फळ्या पाडीत. पश्चिम किनाऱ्यावरचे सागवान या फळ्यांच्या रूपाने समुद्रापार गेले.

१०/
याच काळात एक स्कॉटिश डॉक्टर या प्रदेशात फिरत होता. अलेक्झांडर गिब्सन, जन्म १८००. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य म्हणून तो आला, दख्खन व खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम त्याने केले. गावोगाव हिंडताना तो मराठी शिकला आणि वनस्पती पाहत गेला. १८३८ साली पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचा तो अधीक्षक झाला. दापोडीची दुसरी शाखा होती जुन्नर तालुक्यातील हिवरे येथे.

११/
हिवऱ्याच्या बागेत सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची लागवड होई. सरकारी दवाखान्यांना विलायती औषधांऐवजी इथली औषधे पुरवावीत, हा हेतू. दापोडीतील वनस्पतींची एका भारतीय चित्रकाराने काढलेली चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. बागेच्या निमित्ताने गिब्सनचा या डोंगराळ मुलखाशी नित्याचा संबंध राहिला. एका बाजूला रोप वाढवणे आणि दुसऱ्या बाजूला उतार उघडे पडणे, दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर होते.

१२/
त्याने सरकारला बजावले : घाटउतारावरील झाडोरा गेला की झरे आटतात, माती वाहून जाते आणि कोकणातील खाड्या गाळाने भरतात. हा विचार आज शालेय पुस्तकात आहे, १८४० च्या दशकात तो नवा होता. १८४७ साली मुंबई इलाख्याने त्याला वनसंरक्षक नेमले. वनांसाठी असा स्वतंत्र अधिकारी नेमणारा हा इलाखा भारतात अग्रेसर ठरला. मद्रासमध्ये ह्यू क्लेगहॉर्नची नेमणूक १८५६ साली झाली, तर डिट्रिख ब्रँडिस १८६४ साली देशाचा पहिला वनमहानिरीक्षक झाला.

१३/
गिब्सन १८६० साली निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी निकोल डाल्झेलसह लिहिलेला त्याचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ आला. १८६७ साली तो वारला. परंतु त्याच्या कारकिर्दीतच एक विसंगती उभी राहिली होती. १८५३ साली मुंबई–ठाणे आगगाडी धावली, १८६३ साली बोरघाटाची चढण खुली झाली. रुळांखालच्या पट्ट्यांसाठी प्रचंड लाकूड लागू लागले. म्हणजे रान वाचवणारे आणि रान मागणारे सरकार एकच होते.

१४/
ही विसंगती कायद्याने सोडवली, पण कोणाच्या खर्चाने? १८६५ साली पहिला आणि १८७८ साली अधिक कडक वन कायदा आला. राने राखीव झाली. जुन्नर–आंबेगावच्या पश्चिम मावळात भात-नाचणीच्या रोपासाठी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी फांद्या, पाला, गवत लागते. कमरेला कोयता अडकवून फांदी छाटणारा महादेव कोळी किंवा ठाकर कालपर्यंत शेतकरी होता. राखीव हद्दीत आता तो गुन्हेगार ठरू शकत होता.

१५/
विरोध तेव्हाच झाला. पुणे सार्वजनिक सभेने १८७८ च्या कायद्यावर आक्षेप घेतला. गावकऱ्यांना विश्वासात घेतले तर राने अधिक सहज राखली जातील, असे तिचे म्हणणे होते. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, १८८३ साली, फॉरेस्ट खात्याने डोंगर व कुरणे गिळल्याची आणि गरिबांच्या गुरांना चरायला जागा न उरल्याची तक्रार नोंदवली. रान वाचावे याविषयी वाद नव्हता. वाद होता तो रान कोणाला विश्वासू मानते याविषयी.

१६/
त्या कायद्याचा वारस असलेला १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. राखीव वनात झाड पाडणे, फांद्या छाटणे किंवा विनापरवाना विस्तव पेटवणे हा त्यातील कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात वन्यजीव कायद्याचे निर्बंध आणखी कडक आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने हिरड्यासारखे गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांना दिला. पाहुण्या गिर्यारोहकाला नाही.

१७/
मग घडीची करवत चालवावी कोठे? शेताच्या बांधावर, मालकीच्या आवारात, धन्याला विचारून. आज्ञापत्राचा नियम येथे शब्दशः लागू पडतो. वाळलेले, जमिनीवर पडलेले लाकूड घ्यावे. मोडताना कडकन वाजते ते सुके, वाकते ते ओले. पात्याच्या लांबीच्या निम्म्याहून जाड लाकडाच्या नादी लागू नये. दोन्ही टोकांना टेकू असलेला ओंडका मधोमध कापला तर तो खाली दबून पाते चिमटीत धरतो. म्हणून टेकूच्या बाहेर आलेले टोक कापावे.

१८/
धन्याने जिवंत फांदी काढायला सांगितली, तर खोडापासून थोडे दूर आधी खालून एक लहान काप घ्यावा, मग त्याच्या जरा बाहेरून, वरच्या बाजूने कापावे. असे न केल्यास फांदी स्वतःच्या वजनाने कोसळताना खोडाची साल सोलून नेते. उरलेला खुंट शेवटी फुगवट्याच्या कडेने, खोडाला इजा न करता काढावा. ओढताना जोर, परतताना हलका हात. काम होताच पाते पुसून मिटवावे. द्राक्षबागेत छाटणी करणाराही वेगळे काही करत नाही.

१९/
देवराईने सांगितले, हात लावू नका. अमात्यांनी सांगितले, धन्याला विचारा. गिब्सनने सांगितले, उताराचा विचार करा. कायद्याने सांगितले, परवानगी आणा. फुल्यांनी विचारले, परवानगी नाकारली जाते ती कोणाला? नारायणगावहून डोंगराकडे जाणाऱ्या प्रत्येक पाठपिशवीत करवतीबरोबर ही पाचही वाक्ये असतात.

२०/
ज्या उतारावर सुकी काटकी वेचणाऱ्या माणसाच्या आजोबांना दंडाची धास्ती होती, त्याच उतारावर पाहुण्याने एका रात्रीच्या शेकोटीसाठी हिरवी फांदी कापणे, हा कायद्याचा भंग तर आहेच, पण त्या आजोबांवरचा दुसरा अन्यायही आहे. राखीव रानात घडीच्या करवतीचा सर्वांत चांगला उपयोग एकच : ती घडी केलेलीच राहू देणे.

(धागा समाप्त)