तेंदूपत्ता : विकलेला माल की जमिनीतील हक्क?

आरमोरी परिसरात उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. त्याआधी झुडपांची बूटकटाई होते, नवी पालवी येते आणि ७० पानांचे पुडे फळीवर जमा होतात. या पानाचे कायदेशीर स्वरूप कोणते, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तत्कालीन मध्य प्रदेशातील, म्हणजे चांदा जिल्ह्यातीलही, मालगुजारी व जमीनदारी हक्क ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आले व जंगले शासनाकडे गेली. परंतु जुन्या मालकांशी आधीच करार करून पैसे भरलेल्या ठेकेदारांचे काय? छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनीच्या खटल्यात डिसेंबर १९५२ मध्ये न्यायालयाने असे करार मालविक्रीचे ठरवून ठेकेदारांना संरक्षण दिले. मालविक्री अधिनियम, १९३० नुसार कराराप्रमाणे जमिनीपासून वेगळी करावयाची वस्तूही 'माल' असते, हे खरे. तथापि करारसमयी जे पान उगवलेलेच नाही, त्याचे काय?

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व प्रतिवादी बदलला. 'महादेव विरुद्ध मुंबई राज्य' (१९५९) या प्रकरणात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी करारातील अटीच तपासल्या. अनेक वर्षांची मुदत, झुडपे छाटण्याची मुभा, जमिनीच्या वापराची परवानगी, या सर्वांवरून हा जमिनीतून मिळणाऱ्या लाभाचा, म्हणजे स्थावर मालमत्तेतील हक्क ठरला. परिणामी शासन त्या करारांनी बांधले गेले नाही. १९८५ मध्ये टिटागढ पेपर मिल्सच्या बांबूविषयक खटल्यात छोटाभाई निर्णय ग्राह्य राहिला नसल्याचे स्पष्ट झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते १९५९ चा निर्णय तर्कदृष्ट्या अधिक सबळ आहे. मात्र दोन्ही वादांत पाने तोडणारा मजूर पक्षकार नव्हताच.

१९६९ च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियमाने शासनाची मक्तेदारी आणली. पुढे पेसा (१९९६) व वनहक्क कायदा (२००६) यांमुळे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा स्वतः विक्रेत्या झाल्या. तोडलेले, वाळवलेले पान निर्विवाद जंगम माल असल्याने आता मालविक्री अधिनियमच महत्त्वाचा ठरतो. किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला माल रोखून धरण्याचा अधिकार कलम ४७ देते. परंतु उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपेपर्यंत तो वापरता येत नाही, आणि माल ठेकेदाराच्या कायदेशीर ताब्यात गेला की तो अधिकार संपतो. त्यानंतर उरतो कलम ५५ खालील किमतीचा दावा. म्हणून करारात रक्कम केव्हा द्यावयाची व बोद गोदामाबाहेर केव्हा काढावयाचे, ही दोन वाक्ये दराइतकीच काळजीपूर्वक लिहिली जाणे आवश्यक आहे. कारण तोडणाऱ्यांची मजुरीही बहुधा त्याच रकमेतून द्यावयाची असते.