खण, जोते आणि चटई

घर केवढे, या प्रश्नाला मराठी माणूस पूर्वी चौरस फुटांत उत्तर देत नसे. ‘पाच खणांचे आहे’, ‘दोन चौकी वाडा आहे’, असे तो सांगे. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण. भिंतीची जाडी कोणत्या हिशेबात धरावयाची, हा प्रश्नच तेव्हा उद्भवत नव्हता. घर धन्याचे आणि भिंतही धन्याचीच.

भोसल्यांच्या अंमलाबरोबर मराठी कुटुंबे छत्तीसगडात गेली. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास नांदले. पुढे १८१८ साली कारभाराचे ठाणे रायपुरास आले. याच रायपुरातील गुढियारी ही घाऊक किराण्याची पेठ म्हणून ओळखली जाते. तेथे गाळा वा सदनिका घेणारा आज खण विचारीत नाही, चौरस फुटाचा दर विचारतो; आणि खरी अडचण येथेच सुरू होते. चौरस फूट कोणते?

समजा, बाहेरून तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असे घर आहे. भिंतींसह त्याचे जोत्याचे क्षेत्र १,२०० चौरस फूट. बाहेरच्या भिंती नऊ इंचांच्या असतील, तर आत १,०९७ चौरस फूट उरतात. शंभराहून अधिक फूट विटांत गेले! त्यावर जिना, उद्वाहक, प्रवेशदालन यांचा वाटा चढवून विक्रेते एक तिसराच, फुगलेला आकडा सांगत. त्या आकड्याला कायद्यात व्याख्या नव्हती, परंतु किंमत होती.

मुंबईत १९२० नंतर विकास खात्याने ज्या चाळी उभारल्या, त्यांची १६० चौरस फुटांची खोली या दृष्टीने पुष्कळच प्रामाणिक म्हटली पाहिजे. ओसरी व संडास सामाईक होते. आकडा सांगितला जाई तो खोलीचाच.

भारतीय मानक संस्थेने क्षेत्रमापनाची रीत १९६६ साली ठरवून दिली. तीत जोते-क्षेत्र, मजला-क्षेत्र आणि चटई-क्षेत्र असे वर्ग आहेत. मजल्यातून भिंती वगळल्या जातात. चटई-क्षेत्रातून मार्गिका, व्हरांडा, न्हाणीघर व शौचालय हेही गळतात. गालिचा पसरण्याजोगी जमीन, हा त्या इंग्रजी नावाचा मूळ भाव. आपण त्याला चटईवर आणले, हे आपल्या राहणीस शोभलेच.

मात्र २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने याच शब्दाचा निराळा अर्थ केला. बाहेरच्या भिंती, नळवाहिन्यांच्या पोकळ्या, स्वतःचा सज्जा आणि उघडी गच्ची वगळावयाची; आतल्या विभाजक भिंती मात्र धरावयाच्या. न्हाणीघर वापरण्याजोगे म्हणून आत आले. तेव्हा एकाच सदनिकेचे चटई-क्षेत्र अभियंत्याच्या मापाने एक आणि कायद्याच्या मापाने दुसरे निघते. प्राधिकरणाकडे नोंदलेल्या प्रकल्पात ग्राहकाने धरावयाचे ते दुसरे. सज्जा त्यात मोजलेला नसतो. त्याचे माप करारात स्वतंत्र लिहिले आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी पाहावे लागते.