कार्कानो रायफल
इटालियन भूदलाची १८९१ नमुन्याची, बोल्ट पद्धतीची रायफल. तूरिन येथील शस्त्रनिर्मितीगृहातील साल्व्हातोरे कार्कानो याच्या नावाने ती ओळखली जाते. मूळ व्यास ६·५ मिमी. सहा काडतुसे क्लिपसह पेटीत बसतात. अखेरचे काडतूस नळीत गेल्यावर क्लिप तळाच्या छिद्रातून गळून पडते. क्लिप नसल्यास ही रायफल एकबारीच ठरते. म्हणून संग्राहक क्लिपही जपतात. १९३८ मध्ये ७·३५ मिमी. व्यास स्वीकारला गेला; पण युद्धामुळे पुन्हा ६·५ मिमी. कडेच वळावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक साठा अमेरिकेत स्वस्तात विकला गेला. जॉन केनेडी यांच्या हत्येत (१९६३) टपालाने मागविलेली अशीच रायफल वापरली गेली. १९६८ च्या कायद्याने परराज्यातून अशी थेट खरेदी बंद झाली.

या रायफलीचा नेम बेभरवशाचा, ही अपकीर्ती बरीचशी अन्याय्य होय. तिला सु. ६·८ मिमी. व्यासाची गोळी लागते. इतर ६·५ मिमी. रायफलींची गोळी सु. ६·७ मिमी. असल्याने ती नळीतील सर्पिल खाचांत घट्ट बसत नाही व भरकटते. शिवाय खाचांचा पीळ तोंडाकडे वाढत जातो. लांब रायफली कापून केलेल्या काही आखूड कार्बाइनींत नेमका हा अधिक पिळाचा भागच छाटला गेला. त्यामुळे जुनी कार्कानो झाडण्यापूर्वी जाणकार कारागिराकडून ती तपासून घेऊन नळीचा आतील व्यास मोजतात व त्यानुसार गोळी निवडतात.