सदुसष्टाव्या घराचा हिशेब

श्रोतेहो, बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण लहानपणीं ऐकलीच असेल. पहिल्या घरांत धान्याचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असें दुप्पट करीत चौसष्ट घरें भरावयाचीं. राजाचीं कोठारें रितीं होतात, पण पट कांहीं भरत नाहीं. आज त्या पटाला मनानें आणखी तीन घरें जोडूं. मग सदुसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ होते. दोन हा अंक सदुसष्ट वेळां मांडून केलेला गुणाकार, उणा एक, तीच ही एकवीस आंकडी संख्या. हिनें दोनशेंहून अधिक वर्षें एक चूक पोटांत बाळगली.

दोनाच्या घातांतून एक वजा केला असतां कधीं कधीं मूळसंख्या मिळते. म्हणजे जिला एक व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कशानेंहि निःशेष भाग जात नाहीं अशी. पांचव्या घातापासून ३१ मिळते, सातव्यापासून १२७. परंतु अकराव्यापासून मिळणारी २०४७ ही २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. पॅरिस येथील मरीन मेर्सेन या ख्रिस्ती साधूनें १६४४ सालीं २५७ पर्यंतच्या घातांपैकीं अकरा घात मूळसंख्या देणारे म्हणून सांगितले. त्यांत ६७ होता. सिद्धता मात्र दिलेली नव्हती.

त्याच यादींतील ३१ व्या घाताची संख्या खरोखरीच मूळ आहे, हें ऑयलरनें १७७२ पर्यंत सिद्ध केलें. त्यामुळें यादीचें वजन वाढणें स्वाभाविकच होतें. पुढें १८७६ सालीं एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञानें ६७ व्या घाताची संख्या मूळ नव्हे असें दाखविलें. पण त्याच्या रीतीनें अवयव हातीं लागत नव्हते. घरांत चोर शिरला आहे हें कळलें, तो कोठें दडला आहे तें कळेना.

या संख्येचा कोणताहि अवयव १३४ च्या पटींत एक मिळवूनच झालेला असावा लागतो. एवढी चाळणी लावूनहि पहिल्या अवयवापर्यंत चौदा लाखांहून अधिक संख्या तपासाव्या लागतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनीं आणखी बारीक चाळण्या लाविल्या. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेंत त्यांनीं आपला शोध मांडला. आख्यायिका अशी कीं, ते एक अक्षरहि न बोलतां फळ्यापाशीं गेले. एका बाजूस त्यांनीं ६७ वा घात काढून एक वजा केला. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ नें गुणिलें. दोन्हीं उत्तरें एक आलीं, आणि सभागृहांत टाळ्या झाल्या. यासाठीं तीन वर्षांचे रविवार खर्चीं पडले, असें ते सांगत म्हणे.

ही हकीकत वाचली कीं मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवतो. त्याचें उत्तर पुस्तकामागील उत्तराशीं जुळलें नाहीं, म्हणून मीं त्यावर चुकीची खूण केली. दुसऱ्या दिवशीं तो फळ्यापाशीं आला व मुकाट्यानें ताळा करून उभा राहिला. चूक छापील उत्तराची होती. मीं खूण पुसली. पण वर्गासमोर तसें कबूल करावयास मला आणखी एक दिवस लागला.

मेर्सेनच्या यादीची पुरी तपासणी १९४७ सालीं संपली. ६७ व २५७ हे चुकीचे निघाले. ६१, ८९ व १०७ हे राहून गेलेले आढळले. २०२४ सालीं अशीच चार कोटींहून अधिक आंकड्यांची एक मूळसंख्या यंत्रांनीं शोधली, आणि तीहि पुन्हां पुन्हां तपासल्यावरच जाहीर झाली.

कोल यांचा गुणाकार मीं निवृत्तीनंतर घरीं करून पाहिला. पहिल्या खेपेस हातचा चुकला, दुसऱ्या खेपेस जमला. श्रोतेहो, कागदपेन्सील घेऊन आपणहि एकदां करून पाहावा. माझ्या सांगण्यावर विसंबूं नये.