कांद्याची सोडत

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमाराला, इंग्लंडमधल्या काही कचेऱ्यांत कांद्याची सोडत निघायची. हो, कांद्याचीच! सगळ्यांनी तिकिटं काढायची आणि नशीबवान माणसाने एक कांदा घरी न्यायचा. आपल्याकडे कांद्याने सरकारं पाडली आहेत, तेव्हा मराठी वाचकाला फार नवल वाटू नये :-)

कारण साधं होतं. कांदा इंग्लंडमध्ये पिकत नाही असं नाही, पण फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत आणि चॅनेल बेटं इथून तो इतका सहज यायचा की लावायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नसे. जून-जुलै १९४० मध्ये दोन्ही भाग जर्मनांच्या ताब्यात गेले आणि मंडईतून कांदा गायब झाला. (बाहेरच्या लायब्ररीवर अख्खं प्रॉडक्ट उभं करणाऱ्यांना हे दुखणं चांगलंच ओळखीचं असेल.)

खरं तर तयारी आधीच सुरू झाली होती. ऑक्टोबर १९३९ मध्ये शेतीमंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून लोकांना भाज्या लावायला सांगितलं. तीच पुढे 'डिग फॉर व्हिक्टरी' म्हणून गाजलेली मोहीम. तिकडे नगरपालिका लोकांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देतात, त्यांना अलॉटमेंट म्हणतात. १९३९ मध्ये असे सुमारे ८ लाख तुकडे होते, १९४३ पर्यंत ते १४ लाखांच्या घरात गेले. लंडनच्या टॉवरभोवतीच्या खंदकातसुद्धा भाज्या लागल्या. ह्या गोष्टींचे फोटो सगळीकडे दिसतात. मला मात्र रस वाटतो तो दुसऱ्याच प्रश्नात. ज्यांनी आयुष्यात कधी फावडं धरलं नाही, अशा लाखो कारकुनांना आणि गृहिणींना वर्षभराची सवय लावायची कशी?

नवशिका माणूस काय करतो? वसंत आला की उत्साहाने एका रविवारी सगळं बियाणं मातीत टाकून मोकळा होतो. मग जुलै-ऑगस्टमध्ये लेटस आणि वाटाणा एकदम इतका येतो की शेजारीसुद्धा दार उघडेनासे होतात, आणि जानेवारीत वाफा रिकामा. पोट मात्र जानेवारीतही असतंच ना! त्यामुळे सरकारी पोस्टर पुन्हापुन्हा बजावत होती, की उन्हाळ्याइतकंच हिवाळ्यासाठीही लावा.

त्यासाठी सरकारने पहिल्या क्रमांकाच्या पत्रकात चक्क नकाशा छापला. ९० फूट लांब, ३० फूट रुंद जागा, म्हणजे आपल्या हिशोबात जेमतेम अडीच गुंठे. तिचे तीन भाग. एकात बटाटे नि मुळं-कंद, एकात कोबीवर्गीय पालेभाज्या, एकात वाटाणा-शेंगा-कांदा वगैरे. दर वर्षी भागांची अदलाबदल, म्हणजे जमिनीचा कस टिकतो आणि रोगही एकाच जागी मुक्काम ठोकत नाहीत. लवकरचे बटाटे काढले की त्याच जागी हिवाळ्याची भाजी.

ह्यातलं सगळ्यात अवघड म्हणजे आज भूक नसताना आज पेरणं. ब्रसेल्स स्प्राऊट (बोरापेक्षा थोडे मोठे कोबीचे गड्डे) मार्चमध्ये पेरायचे, मे-जूनमध्ये दुसरीकडे लावायचे आणि खायचे थेट नोव्हेंबरनंतर. आठ महिने नुसता धीर! लेटसचं उलटं. चिमूटभर बी दर पंधरा दिवसांनी पेरत राहायचं. दोन्हीमागे शक्ती लागत नाही, तारीख लागते. आमच्या आजीच्या डोक्यात अशी तारीख पक्की होती, अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलभाज्यांच्या बिया लावायच्या. तिला कोणी पत्रक दिलं नव्हतं. लंडनच्या कारकुनाकडे असली तिथी कुठून येणार?

ती जागा रेडिओने भरून काढली. बीबीसीवर सी. एच. मिडलटन रविवारी दुपारी बागेवर बोलायचे. माळ्याचा मुलगा, बोलणं साधं, उपदेशाचा आव नाही. जेवण झालं की लाखो लोक रेडिओ लावायचे आणि मग वाफ्याकडे वळायचे. माझ्या मते त्या नकाशापेक्षा ह्या रविवारच्या ठरलेल्या वेळेने जास्त काम केलं असावं.

ह्याच कथेला एक भारतीय फाटा आहे. डॉर्मन-स्मिथ १९४१ मध्ये ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथून भारतात येणारा तांदूळ थांबला आणि इथेही सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. लोकांच्या हातात फावडं देऊन सुटेल असला तो प्रश्नच नव्हता. इंग्रजांच्या वाफ्यांचं कौतुक करताना हे विसरवत नाही.

असो. जानेवारी १९४५ पासून ब्रिटिश कृषी खात्याने दर महिन्याला एक मार्गदर्शिका काढली, ह्या महिन्यात काय पेरायचं, काय काढायचं. तोवर लोक कंटाळले होते. युद्ध संपलं, सप्टेंबरमध्ये मिडलटन वारले, अलॉटमेंट भराभर ओस पडू लागल्या. टंचाई मात्र संपली नव्हती. युद्धात कधीच रेशनवर नसलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर गेला, पुढच्या वर्षी बटाट्यावरही नियंत्रण आलं. आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने नवशिक्यांसाठी १९४१ मध्ये काढलेलं फोटोंचं पुस्तक, फावडं कसं धरावं इथपासून सगळं दाखवणारं, युद्धानंतर जर्मन भाषेत निघालं, उपाशी जर्मनांना भाज्या लावता याव्यात म्हणून.