न खणता जमिनीत डोकावताना

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीला आमच्या एका ताईंनी पदराच्या गाठीतून खापराचा तुकडा काढला. शोषखड्डा खणायला घेतला तेव्हा सापडलेला. तांबूस, वर काळ्या रेघा. "मॅडम, हे लई जुनं असंल का हो?" मला काही सांगता येईना, पण आपली मातीची गढी आठवली.

गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीत १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. वरच्या थरात मुसलमानी-मराठा काळ, त्याखाली सातवाहनांचा काळ, अगदी तळाला ताम्रपाषाणयुगातली खापरं. त्याच सुमारास संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे इथेही खोदकाम झालं. तांबड्यावर काळी नक्षी असलेल्या, तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांना आज 'जोर्वे' म्हणतात ते त्या गावावरून.

पण खोदकाम म्हणजे जुनी गोधडी उसवणं. आतले थर दिसतात, पुन्हा तशीच शिवता मात्र येत नाही. म्हणून आता आधी रडार फिरवतात. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, थोडक्यात जीपीआर. हातगाडीसारखं यंत्र सरळ रेषेत ढकलत न्यायचं. ते जमिनीत रेडिओ लहरी सोडतं. हो, माझा आवाज तुमच्यापर्यंत आणतात त्याच जातीच्या. भिंत, फरशी, पोकळी आडवी आली की काही लहरी परत फिरतात. किती वेळात परतल्या, त्यावरून खोलीचा अंदाज येतो. इटलीत फालेरी नोवी नावाचं अख्खं रोमन शहर असं कुदळ न लावता उलगडलं. मंदिर, बाजार, स्नानगृह, सगळं. तो नकाशा २०२० साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे कच्छमधल्या धोलावीरालाही आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी हे रडार वापरलं.

आपल्या काळ्या मातीत मात्र त्याची पंचाईत होते. ओली चिकणमाती लहरी गिळूनच टाकते, फार खोल जाऊ देत नाही. शिवाय यंत्र वस्तूचं नाव सांगत नाही. मडकं असो, धोंडा असो की पाण्याचा पाइप, पडद्यावर बहुधा कमानीसारखी रेघच उमटते.

ते कळल्यावर मला इनामगाव आठवलं. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं. तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन चाललं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावलेली, आत बाळ. त्या घराने आपलं लेकरू गावाबाहेर नेलं नाही, रोजच्या वावराच्या जागेतच ठेवलं. रडारवर तीही एवढीशी कमानच दिसली असती. अशी कमान दिसल्यावर तिथे कुदळ लावायची की नाही, हे कुणी ठरवायचं? यंत्र काही ते ठरवणार नाही.

ताईंचा तुकडा जोर्वेचाच असेल असं मी म्हणत नाही. काळ्या रेघा पुष्कळ खापरांवर असतात. तो कागदात गुंडाळून ठेवलाय, जाणत्या माणसाला दाखवायचाय. शोषखड्डा मात्र त्यांनी चार हात पलीकडे घेतला.