ईशापूरचा शिक्का

आजचा विषय आहे थ्री नॉट थ्री रायफल. निवडणूक केंद्रावर किंवा रेल्वेच्या फलाटावर हवालदाराच्या खांद्याला अडकवलेली ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

माझे वडील, नाना, इंदूरला पोलिसात होते. त्यांची बरीच नोकरी हिच्याच सोबतीने झाली. गेल्या वर्षी आम्ही दोघं टेक्सासला माझ्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याला जुन्या लष्करी रायफली जमवण्याचा नाद आहे. एका रविवारी तो सगळ्यांना रेंजवर घेऊन गेला. पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना तिथे सहसा बंदूक हाताळता येत नाही. म्हणून आम्ही दोघं कानांवर मफ चढवून मागे बसलो आणि नेम धरायला पुतणी पुढे गेली.

नानांनी रायफल लांबूनच ओळखली. "आपलीच आहे. पण पेटी अशी चौकोनी कशी?"

फायरिंग थांबल्यावर पुढे जाऊन पाहिलं. शिक्का होता ईशापूरचा, साल १९६७.

इतिहास असा. ब्रिटिश सैन्याने ली-एनफिल्डचं हे रूप १९०७ साली स्वीकारलं. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणून थ्री नॉट थ्री. कोलकात्याजवळ ईशापूरच्या कारखान्यातही ती बनू लागली. दोन्ही महायुद्धांत भारतीय जवान तिच्यावरच लढले. १९६२ साली चीनसमोरही आपल्या बहुतेक जवानांच्या हातात तीच होती. त्यानंतर ईशापूरने त्याच जुन्या बांधणीत ७.६२ मिलिमीटरचं नवं काडतूस आणि १२ गोळ्यांची चौकोनी पेटी बसवली. नव्या एसएलआर रायफली पुरेशा होईपर्यंतची ती सोय होती. भावाकडची रायफल त्यांतलीच.

पुतणीने पुन्हा नेम धरला. एक गोळी. मग बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. पुन्हा नेम, पुन्हा गोळी. जुन्या काळी तयार शिपाई मिनिटाला १५ नेमके बार काढायचा. हिला चार जमले, पण स्वारी खूश होती. नाना मागून हातवारे करून दस्ता खांद्यात घट्ट दाबायला सांगत होते. आम्हालाही मजा आली.

जेवताना तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी कुणावर झाडलीत?"

"नाही गं. वर्षातून एकदा सरावाला झाडायचो, तेवढीच." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मुंबईवर हल्ला झाला त्या रात्री मात्र टीव्हीसमोर बसून मी बोल्टच मोजत होतो."

२६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर पोलिसांकडे ह्याच रायफली होत्या. समोर दोघे होते, एके-४७ घेऊन, एकेका पेटीत ३० गोळ्या. काही पोलीस तरीही जागा सोडून हलले नाहीत.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. रायफल वाईट नव्हतीच. आपण ती फार काळ हवालदाराच्या खांद्यावर ठेवली. दोन गोळ्यांमधला तो वेळ रेंजवर मजेत जातो. फलाटावर तो जिवावर बेततो.

भेटूया पुढच्या भागात.